‘कंपनीनं गाव पोसलं’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब

गोव्यात खाणपट्ट्यांचे, म्हणजे ठरावीक जमिनीत खनिज खोदायच्या हक्कांचे, लिलाव सुरू झाल्यापासून एक जुना मजकूर नव्यानं फिरतोय. मला तो पाच ग्रुपांवर आला, त्यातले दोन नातेवाइकांचे. सार असं: ‘खाण कंपनीनं गावाला टँकर दिले, शाळेला बाक दिले, रुग्णवाहिका दिली, पोरांना रोजगार दिला. सरकारनं काय दिलं? पर्यावरणवाल्यांनी खाणी बंद पाडल्या आणि गावं उपाशी राहिली.’

यात काही खरंही आहे, म्हणूनच लोक तो मनापासून पुढे पाठवतात. ते बाक मी स्वतः वापरलेत. पण एकेक वाक्य उलटून पाहिलं, तर बाक सोडून फारसं काही उरत नाही.

‘टँकर दिले.’ गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखात एप्रिलमध्ये टँकर लागतोच का? दिचोली-सत्तरीच्या डोंगरात वर जांभा, त्याखाली चिकण माती आणि तिच्याखाली भुसभुशीत लोहखनिज असतं. जांभ्यात पाणी मुरतं, आणि खालचं खनिजही पाणी धरून ठेवतं. झरे आणि विहिरी यावरच जगतात. खाणीचा खंदक भूजलाच्या खाली गेला की पाणी खंदकात उतरतं. खोदाई चालू ठेवायची तर ते रात्रंदिवस पंपानं बाहेर काढावं लागतं. भोवतालच्या विहिरी मग तिकडे रित्या होतात. वर हे उपसलेलं गढूळ पाणी ओहोळात सोडलं की ते खालच्या शेतात जातं. टनभर खनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते. तिच्या डंपांवर जून-जुलैचा पाऊस पडला की तीही त्याच वाटेनं खाली येते. शिरगाव लईराई देवीच्या जत्रेमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. हे गाव खाणपट्ट्यांनी वेढलेलं. तिथल्या विहिरी आटल्याची आणि शेतात गाळ भरल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती जिथं गेली तिथं दरवर्षी भरपाईचा चेक आला. चेक घ्यायची सवय झाली आणि नांगर माडीवर चढला.

गंमत म्हणजे, खाणी बंद पडल्यावर याच खंदकांत साठलेलं पाणी उन्हाळ्यात नदीत सोडून जलशुद्धीकरण प्रकल्पांना पुरवण्यात आलं. म्हणजे पाणी होतंच. टँकरनं आलं तेव्हा ते गावाचंच गावाला परत येत होतं, वर उपकाराची पाटी लावून.

इथं कंपनीला खरं काम करता येतं, आणि ते फार महागही नाही. पहिला पंप सुरू होण्याआधी परिसरातल्या प्रत्येक विहिरीची पातळी मोजायची, आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावायचे आणि दर महिन्याला पुन्हा मोजायचं. पातळी घसरली तर टँकरवर भागवायचं नाही. कायमची नळयोजना करून द्यायची, खाण संपल्यावरही चालेल अशी. मोजमापच नसेल तर ‘विहीर आमच्यामुळे आटली नाही’ हे कुणीही म्हणू शकतं, आणि म्हणतातच.

‘बाक, रुग्णवाहिका दिली.’ कशातून दिली? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावेच लागतात, आणि त्यात आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. दुसरी गोष्ट जिल्हा खनिज प्रतिष्ठानची. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून खाणबाधित गावांसाठी या प्रतिष्ठानकडे रॉयल्टीच्या, म्हणजे खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेच्या, प्रमाणात पैसे भरणं बंधनकारक आहे. जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या तीस टक्के, लिलावात घेतलेल्या पट्ट्यांना दहा टक्के. ही कायद्यानं ठरवलेली देणी आहेत. वीजबिल भरलं म्हणून कुणी आपल्याला हार घालत नाही.

आता ‘सरकारनं काय दिलं?’ सरकारनं खनिज दिलं, आणि वर्षानुवर्षं जवळजवळ फुकट दिलं. २००९ पर्यंत लोहखनिजावर टनामागे ठरावीक रुपये रॉयल्टी होती. मग किमतीच्या दहा टक्के झाली, २०१४ मध्ये पंधरा. चीनला जहाजंच्या जहाजं गेली ती पंधरा टक्क्यांच्या आधीच्या काळात. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात पहिल्यांदा पट्ट्यांचा लिलाव झाला आणि दिचोलीचा पट्टा खनिजाच्या किमतीच्या त्रेसष्ट टक्क्यांहून जास्त रक्कम सरकारला द्यायच्या बोलीवर गेला. रॉयल्टी वेगळी. एवढं देऊनही धंदा परवडतो असं कंपनीच सांगतेय. मग आधी पंधरा टक्क्यांत, त्याही आधी चिल्लर रकमेत जे नेलं, त्यातला मधला फरक कुठं गेला? बाकांत तर नक्कीच नाही.

पण लिलाव झाला म्हणून गावानं पेढे वाटायची गरज नाही. समजा खनिजाची किंमत टनाला ३,००० रुपये. रॉयल्टी ४५० रुपये. जुन्या पट्ट्यात तिच्या तीस टक्क्यांनी गावांच्या निधीला १३५ रुपये मिळाले असते. लिलावाच्या पट्ट्यात दहा टक्क्यांनी ४५. तिजोरीचा वाटा कितीतरी वाढला आणि ज्यांच्या दारातून ट्रक जातात त्यांचा एक तृतीयांशावर आला. माझा राग कंपनीइतकाच इथंही आहे. ‘सरकारनं काय दिलं’ हा प्रश्न खरं तर इथं विचारायला हवा, पण मजकूर लिहिणाऱ्याला तो सुचला नाही.

‘रोजगार दिला.’ हे खरं आहे, आणि यावर मी हलक्यानं लिहिणार नाही. माझ्या मामाकडे दोन टिपर होते. पण ते कंपनीचे नव्हते, बँकेच्या कर्जावर मामानं घेतलेले होते. पैसे फेरीप्रमाणे, म्हणून एक फेरी जास्त मारायची घाई, म्हणून रस्त्यावर ती जीवघेणी शर्यत. सप्टेंबर २०१२ मध्ये काम थांबलं तेव्हा कंपनीचं खनिज जमिनीत सुरक्षित राहिलं आणि मामाचे हप्ते चालूच राहिले. शेवटी ट्रकवाल्यांच्या मदतीला आणि कर्जसवलतीला सरकारी योजना काढाव्या लागल्या. नफा कंपनीकडे आणि जोखीम गावाकडे, अशा व्यवस्थेला रोजगार ‘दिला’ म्हणायचं असेल तर म्हणा. वाहतुकीच्या करारात काम थांबल्यास किमान रक्कम देण्याची अट घातली असती, ड्रायव्हिंगखेरीज दुसरा एखादा धंदा शिकवला असता, तर तो शब्द शोभला असता.

‘पर्यावरणवाल्यांनी बंद पाडल्या.’ गोव्यातल्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली होती. तरी जवळपास पाच वर्षं खोदाई चालली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. त्यानंतर तरी शहाणपण यावं? लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ ला निघाला आणि त्याआधीच्या एका आठवड्यात पन्नासहून अधिक पट्ट्यांचं नूतनीकरण उरकलं गेलं. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयानं सगळी ८८ नूतनीकरणं रद्द केली. कोर्टात गेलेल्यांना शिव्या देण्याआधी तो आठवडा आठवावा. त्याच २०१४ च्या निकालात एक फार चांगली गोष्ट आहे आणि ती फॉरवर्डमध्ये कधीच नसते: विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाका, कारण खनिज पुढच्या पिढ्यांचंही आहे.

‘झाडं लावली’ असंही एका आवृत्तीत होतं. साखळी इथली जुनी खाण खरोखर चांगली सावरली आहे, जाऊन बघा. बाकी बऱ्याच डंपांवर अकेशिया. तिथं गुरंही चरत नाहीत.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर मावसभावानं विचारलं, ‘म्हणजे तुला खाण नकोच ना?’ नको असं मी म्हटलंच नव्हतं. मी लिहिलं, जनसुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळणं हा नियम आहे, तो मागून घे, आणि तोवर निदान आपल्या विहिरीचं पाणी तरी मोजून ठेव. दोन दिवस उत्तर नाही. काल फोटो आला: दर हातावर गाठ मारलेली दोरी, खाली तारीख आणि ‘काठापासून नऊ हात’.