मावशी, तो पूल नकली आहे

कळव्याच्या मावशीने पाठवलेला फॉरवर्ड आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरतोय, म्हणून एकदाच लिहून टाकते. पुलावर झोपलेली, डोळ्याला पट्टी बांधलेली एक गोरी बाई, आणि खाली मजकूर: ‘पॅरिसचा खरा व्हिडिओ. घरं असून हे लोक हौसेने रस्त्यावर राहतात. आपल्या ठाण्यातल्या तीन हात नाक्यावरही तेच. मुलं भाड्याची, कमाई लाखांची, बेघरांचे निवारे रिकामे. हाकलायला मदत करा.’

खरा कसला? ती फ्रेंच नटी ज्युलिएत बिनोश आहे. सिनेमा ‘ले आमाँ द्यू पों-नफ’, 1991चा. पूलसुद्धा बहुतांश सेट, तोही पॅरिसपासून लांब, दक्षिण फ्रान्समध्ये उभारलेला. त्यातली मिशेल, म्हणजे हीच बाई, बऱ्या घरची आहे, मान्य. पण ती चित्रकार आहे आणि तिची दृष्टी चाललीय. तिचा प्रियकर आलेक्स तोंडाने जाळ काढून पोट भरतो, औषधाशिवाय त्याला झोप लागत नाही. हौस म्हणे!

डोकं फिरलं ते ‘मुलं भाड्याची’ वाचून. तीन हात नाक्याचं नाव घेतलंत ना? त्याच उड्डाणपुलाखाली 2016 मध्ये महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने सिग्नल शाळा सुरू केली, कंटेनरमध्ये. गाड्यांच्या काचा ठोठावून गजरे विकणारी पोरं तिथे आंघोळ करून, गणवेश घालून वर्गात बसू लागली. बऱ्याच जणांचे आईबाप मराठवाड्यातला दुष्काळ मागे टाकून आलेले. 2019ला तिथली दोन मुलं दहावी पास झाली. भाड्याने आणलेलं पोर दहावीपर्यंत शिकवतं का कोणी?

हौसेचा मुद्दा तर सुप्रीम कोर्टाने 1985 मध्येच निकालात काढलाय, ऑल्गा टेलिस खटल्यात. 1981ला सरकारने मुंबईच्या फुटपाथवरची माणसं उचलून गावी धाडायचा घाट घातला होता. कोर्ट म्हणालं, ही माणसं कामाजवळचा फुटपाथ धरतात, कारण येण्याजाण्याचा वेळ आणि खर्च त्यांना परवडत नाही. आणि पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग. पहाटे तीनला भाजीचा टेम्पो रिकामा करायचा असेल तर टिटवाळ्याहून कुठली लोकल पकडणार?

हां, फुटपाथ अडवायचा हक्क कुणालाच नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हाताऱ्यांना गाड्यांमधून वाट काढत चालावं लागतं, ही तक्रार खोटी नाही. पण हटवायचं तर रीतसर नोटीस देऊन. वॉचमनला सांगून झोपलेल्या माणसांच्या गोधड्यांवर पाण्याचा पाइप सोडणं म्हणजे नोटीस नव्हे.

लाखांच्या कमाईला ना नाव, ना गाव. त्यावर काय बोलायचं?

राहिले ‘रिकामे निवारे’. केंद्राच्या निकषाप्रमाणे लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा हवा. 2011च्या जनगणनेत ठाणे शहर 18 लाखांच्या वर होतं, म्हणजे निदान अठरा निवारे हवेत. शिवाय बायका एका निवाऱ्यात, पुरुष दुसऱ्यात, असं असेल तर नवरा-बायकोने काय करायचं, स्टोव्ह नि भांड्यांचं गाठोडं कोणाच्या भरवशावर टाकायचं? ते असो. आधी त्या अठरा निवाऱ्यांचे पत्ते टाका ग्रुपवर.