मालकाकडून उत्तर: पाणी उतरतंय हे आम्ही सांगितलं होतं

नमस्कार सर,

उजनी धरणाच्या काठावरच्या आमच्या धक्क्यावर, म्हणजे बोटी बांधायच्या जागेवर, तुमची बोट असते, त्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, “नावाला धक्का. बोट चिखलात, पाणी कुठल्या कुठे, आधी काही सांगितलंच नाही, पैसे मात्र वर्षाचे आधीच घेतात. सोलापूरकरांनो, फसू नका.” तुमचा सुट्टीचा दिवस वाया गेला आणि मुलं हिरमुसून परत गेली. त्याचं आम्हालाही वाईट वाटलं आणि झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

पण “आधी काही सांगितलंच नाही” हे वाक्य काही केल्या मनातून जात नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुमच्याइतकंच ते हा रिव्ह्यू वाचणाऱ्यांनाही कळायला हवं, कारण त्यांच्यावरच आमचं घर चालतं.

होळीच्या आधी कालव्याला उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलं, त्याच दिवशी आम्ही बोटमालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: “पाणी झपाट्याने उतरणार आहे, आपापल्या बोटी पुढच्या खोल पाण्यात हलवून घ्या किंवा आम्हाला हलवायला सांगा.” तुमच्या नावापुढे निळ्या दोन खुणा आल्या. बाकीच्या मंडळींनी बोटी हलवल्या. तुमच्याकडून उत्तर आलं नाही म्हणून मी स्वतः फोन केला. तुम्ही म्हणालात, “पाडव्याला येतोय, तोवर राहू द्या, पेपरला अजून पाणी बरं दाखवतायत.” पाडवा गेला, पुन्हा फोन केला, तेव्हा मुलांच्या परीक्षा होत्या. हे मी दोष म्हणून सांगत नाही, परीक्षा सगळ्यांच्याच घरी असतात. पण बोटीला साखळी तुमची, कुलूप तुमचं आणि चावी सोलापुरात तुमच्या घरी. तुमच्या मालाची साखळी मी कशी तोडणार? तोडली असती तर आज रिव्ह्यू त्याचाच असता.

पेपरातल्या आकड्याचंही सांगतो, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. उजनीत एकूण पाणी सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं. त्यातलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि ६३.६६ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाचं राखून ठेवायचं पाणी. पेपरात जी टक्केवारी येते ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे शून्य टक्के म्हणतात तेव्हाही धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं, फक्त ते आपल्या काठाला नसतं. सोलापुरात बसून “वीस टक्के आहे की अजून” म्हटलं तरी इथे आमच्या उथळ फाट्यात तोवर बाभळीची जुनी खोडं वर आलेली असतात. २०२४ साली तर जानेवारीतच धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात, गेलं आणि पावसाळ्याच्या तोंडाला मायनस साठच्या आसपास पोचलं होतं. पुढे ऑगस्टमध्ये तेच धरण भरून भीमेला पाणी सोडावं लागलं. उजनी ही अशी आहे. दोन्ही कालवे, सीना नदीकडे जाणारा बोगदा, आपल्या सोलापूर शहरासाठी आणि पंढरपूरसाठी सोडतात ते पाणी, वरून एप्रिलचं ऊन. तुमच्या-आमच्या नळाला येणारं पाणी इथूनच जातं, मग ते उतरलं म्हणून रागवायचं कुणावर?

आमचा काठ सपाट उताराचा आहे. पाणी उंचीने इंचभर उतरलं तरी काठ चार-पाच पावलं आत सरकतो. सकाळी ज्या खुंटाला बोट पाण्यात होती, तिथे चार दिवसांनी काळी माती भेगाळलेली असते आणि आठवड्याभरात लोक उघड्या गाळात मका पेरायला उतरतात. धक्का ड्रमचा आहे, पाण्याबरोबर तो वर-खाली होतो, पण आडवा आपोआप चालत नाही. तो सोडवून, माणसं लावून, कंबरभर पाण्यात उतरून पुढे ओढावा लागतो, फळ्यांची वाट पुन्हा जोडावी लागते. यंदा तो पुन्हापुन्हा हलवला. शेवटी तुमची एकटीच बोट जुन्या जागी साखळीला राहिली, कारण तिला धक्क्याबरोबर नेता येत नव्हतं.

आणि ती आम्ही वाऱ्यावर सोडली नाही. पाणी बुडाखालून जायला लागलं तेव्हा माझ्या धाकट्या भावाने दोन्ही बाजूंनी जुने टायर आणि वाळूची पोती लावली, नाहीतर ती कुशीवर कलंडली असती. मागची बाजू पाण्यात आणि पुढची गाळात अशी अवस्था सगळ्यात वाईट, लाटा मागून आत येतात आणि बोट जागेवरच भरते. म्हणून रात्री उठून आम्ही पाणी उपसलं. मोटर वर उचलून बांधली, बॅटरीच्या तारा काढल्या, वरून ताडपत्री टाकली. फोटो तुम्हाला पाठवले होते, तेही तुम्ही पाहिलेत.

त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी करमाळ्याला होतो, धक्क्यावर माझा मुलगा होता. त्याने तुम्हाला विनवलं की साहेब, पहाटे माणसं बोलावतो, बुडाखालचा गाळ आधी मोकळा करू, मग फळ्यांवरून सरकवू. तुम्ही शेजारच्या रानातला ट्रॅक्टर बोलावून पुढच्या कडीला दोर लावला. काळा गाळ बुडाला धरून बसतो सर, तो असा सोडत नाही. कडी उखडली. ती आम्ही उखडली नाही, तरी रिव्ह्यूत “बोटीचं नुकसान केलं” असं आलंय. मोटर गुडघाभर पाण्यात चालू करू नका, असंही त्याने सांगितलं होतं. मोटर स्वतःला गार ठेवायला खालूनच पाणी ओढते, त्यात गाळ गेला की आतला इम्पेलर (पाणी फिरवणारा पंखा) जातो आणि इंजिन तापतं. त्यावर तुम्ही पाहुण्यांसमोर त्याला जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. एकोणीस वर्षांचं पोर आहे, रात्री जेवलं नाही.

दुसऱ्या बोटीतून फेरी मारायला नकार दिला, अशीही तक्रार आहे. हो, दिला. दुपार कलली होती, पश्चिमेकडून वारा उठला होता आणि लहान मुलांच्या मापाची जॅकेटं पुरेशी नव्हती. मे २०२४ मध्ये याच धरणात कुगाव ते कळाशीच्या मध्ये वादळात बोट उलटून सहा जण गेले. त्या काठावर आमचे सोयरे आहेत. त्यानंतर वारा दिसला की आमच्या धक्क्यावरून बोट सुटत नाही, मग समोर कुणीही असो आणि कितीही पैसे देवो.

पैशांचं थोडक्यात: महिन्याला १,५०० रुपये हे पाण्याचे नाहीत, जागेचे आणि राखणीचे आहेत. पाणी उतरतं तेव्हा राखण कमी होत नाही, वाढते. पावती घेताना हे बोललो होतो.

आमच्या आजोबांची चांगली बागायत धरणात गेली. आज जिथे बोटी फिरतात तिथे त्यांची विहीर होती. उरलेल्या रानाच्या काठावर, वडिलांच्या हातचं थोडंफार आणि बाकी कर्ज काढून हा धक्का उभा केलाय. “फसू नका” हे वाचून एका कुटुंबाने सुट्टीचं बुकिंग रद्द केलं. तेव्हा काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

पुढच्या हंगामापासून मेसेजबरोबर पाणी-पातळीचा फलक, चावीची दुसरी प्रत आमच्याकडे ठेवणं, मुलांच्या मापाची आणखी जॅकेटं, याचं बघतोच आहोत.

तुमची बोट आता बाहेर काढून ट्रेलरवर, चिंचेच्या सावलीत ठेवली आहे. बुड धुतलंय, कडी टेंभुर्णीच्या फायबरवाल्याकडून बसवून घेतो, त्याची मजुरी आम्ही देऊ, सामानाचे तेवढे तुम्ही द्या. मोटर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय चालू करू नका. स्टार किती द्यायचे ती तुमची मर्जी, एकच राहू द्या हवं तर. फक्त “आधी काही सांगितलंच नाही” हे वाक्य काढा. मेसेज आणि फोन दोन्ही तुमच्याही मोबाईलमध्ये आहेत, एकदा वर सरकवून बघा.