बोस्नियात डोडिक गेले तरी गाडा अडणारच

बोस्निया-हर्झेगोविनाची बातमी आली की चर्चा देशातल्या रिपब्लिका सर्प्स्का या सर्बबहुल भागाचे पुढारी मिलोराद डोडिक यांच्यावर येऊन थांबते. ते हा भाग देशातून फुटून निघण्याची भाषा करतात आणि ती घातकच आहे. पण कायदे अडवण्याची सोय थेट राज्यघटनेतच आहे, आणि ही घटना म्हणजे तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराचं चौथं परिशिष्ट.

कनिष्ठ सभागृहात ४२ सदस्य आहेत: २८ फेडरेशन या बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) आणि क्रोएटबहुल भागाचे, १४ रिपब्लिका सर्प्स्काचे. साधं बहुमत पुरत नाही, त्यात दोन्हीकडची एक तृतीयांश मतं लागतात. ती नसली तर आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. तो फसला की एका बाजूच्या दोन तृतीयांश सदस्यांचा विरोध विधेयक पाडतो. म्हणजे सर्प्स्काचे फक्त १० जण! त्यातून सुटलं तरी वरच्या सभागृहात बोस्नियाक, सर्ब किंवा क्रोएट गटाच्या पाचपैकी तिघांना आपल्या समाजाच्या हिताला धक्का बसतो म्हणून पुन्हा खोडा घालता येतो.

यावर पाश्चात्त्यांचा उपाय म्हणजे उच्च प्रतिनिधी, डेटन करार पाळला जातो का यावर देखरेख करणारा परदेशी अधिकारी. डिसेंबर १९९७ मध्ये बॉन इथे त्यांना कायदे लादण्याचे आणि निवडून आलेल्यांना पदावरून काढण्याचे अधिकार मिळाले. २ ऑक्टोबर २०२२ ला तर मतदान संपल्या संपल्या उच्च प्रतिनिधी क्रिश्चन श्मिट यांनी निवडणूक कायदाच बदलला. अप्रिय निर्णय बाहेरचा माणूस घेणार असेल, तर स्थानिक पुढारी आपल्या मतदारांची नाराजी कशाला ओढवून घेतील? श्मिट यांचे निर्णय धुडकावल्याबद्दल २०२५ मध्ये डोडिक यांच्यावर सहा वर्षांची पदबंदी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने मात्र त्यांच्यावरचे निर्बंध उठवले. पाश्चात्त्यांच्या अशा वागण्याने राजधानी सारायेव्होत कोणाचा विश्वास बसेल?

मला सर्वात जास्त खटकतं ते वेगळंच. फेडरेशनमधून एक बोस्नियाक व एक क्रोएट आणि सर्प्स्कातून एक सर्ब, अशा तीन सदस्यांच्या राष्ट्राध्यक्ष मंडळावर रोमा किंवा ज्यू नागरिक उभाच राहू शकत नाही. फेडरेशनमधल्या सारायेव्होतला सर्ब आणि सर्प्स्कातल्या बान्या लुकातला बोस्नियाकही नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्येच सेयदिच-फिन्त्सी खटल्यात हा भेदभाव ठरवला. हा निकाल अमलात आणणं ही युरोपीय संघाकडे वाटचालीची अट होती. तरी २०१४ मध्ये जर्मनी-ब्रिटनच्या पुढाकाराने ही अट मागे पडली आणि आर्थिक सुधारणा पुढे आल्या. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाने सदस्यत्वाची बोलणी सुरू करायला मान्यता दिली, तेव्हाही तो निकाल अमलात आलेला नव्हता.

ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, आता ही अट पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणावी, आणि राष्ट्राध्यक्ष मंडळाबद्दलचं घटनेचं पाचवं कलम बदलल्याशिवाय बोलणी पुढे सरकवू नयेत.