'काही नाही' आणि 'सापडलं नाही'

गेली तीन वर्षं माझ्या डाव्या गालात ठणका आहे. डोळ्याखाली सुरू होतो, वरच्या दाढांपर्यंत उतरतो आणि दिवसभर तिथेच मुक्काम ठोकतो. या तीन वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेले शब्द म्हणजे "काही नाही". त्या दोन शब्दांबद्दलच आज लिहितेय.

सुरुवात ऐन आंब्याच्या हंगामात झाली. पेट्या भरता भरता हातातला पेंढा टाकून गाल धरला. दाढ असेल म्हणून तालुक्याला दाखवलं. रूट कॅनल झालं, ठणका तसाच. मग दाढ काढली, महिन्याभराने तिच्या शेजारची. दोन्ही गेल्या आणि रिकाम्या हिरडीत दुखणं होतं तसंच राहिलं. सायनसचा एक्स-रे झाला, चष्म्याचा नंबर बदलला. शेवटी फोंडा घाट चढून कोल्हापूरला एमआरआय. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि यजमानांकडे बघत म्हणाले, "काही नाही. टेन्शन घेतात त्या."

परतीच्या एसटीत खिडकी नीट लागत नव्हती. पदर गालावर दाबून बसले होते. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडू येतंय, हे कुणाला सांगणार? सासूबाईंनी दृष्ट काढून झाली होती, देवळात गाऱ्हाणं घालून झालं होतं. आता त्या म्हणाल्या, "काय्येक नाय मा? मगे तोंडावरचो पदर काढ." त्यांच्यावर माझा राग नाही. डॉक्टरांनी दिलेला शब्दच त्यांनी वापरला.

गेल्या वर्षी नणंदेने हट्टाने मुंबईला बोलावलं. कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेस पकडली. तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टर, बाईंनी फाईल बाजूला ठेवून विचारलं, "दुखतं म्हणजे नेमकं कसं? चमक येते, आग होते, की ठणकतं?" हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं! आपल्या भाषेत दुखण्याला कळ, चमक, ठणका, सल, ठुसठुस असे किती शब्द आहेत, आणि मी सगळीकडे नुसतं "दुखतंय" म्हणत फिरले होते.

त्यांनी कागदावर नस काढून दाखवली. ट्रायजेमिनल नस, तिच्या तीन शाखा: कपाळ, गाल, खालचा जबडा. या नसेच्या ट्रायजेमिनल न्यूराल्जिया नावाच्या दुखण्यात विजेसारखी चमक येते, क्षणभर ते फार तर २ मिनिटं. ब्रश लागला, घास चावला, वाऱ्याची झुळूक आली तरी पुरते. माझं तसं नाही. मी कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाशेजारी, रोज ठणक्याचे तास लिहायचे. ती पानं त्यांनी एकेक करून वाचली. रोज २ तासांहून जास्त, ३ महिन्यांहून जास्त काळ, आणि तपासणीत दोष नाही: पर्सिस्टंट इडिओपॅथिक फेशियल पेन, म्हणजे चेहऱ्याचं टिकून राहिलेलं दुखणं. "इडिओपॅथिक म्हणजे कारण सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं आहेच."

रात्रीची अमिट्रिप्टिलिनची लहान गोळी सुरू झाली. ही नैराश्यावरही देतात, पण कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावर चालते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं, म्हणून दुकानदाराने भुवया उंचावल्या तेव्हा मी गोळी परत केली नाही. तोंडाला कोरड पडते, सकाळी जडपणा असतो. ठणका गेलेला नाही, पण निम्म्यावर आलाय. भाकरी डाव्या बाजूनेही चावते मी आता.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस आपल्याला वेदना आहे म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं त्यात लिहिलंय. मला डॉक्टरांकडून एवढंच हवं होतं. "मला सापडलं नाही" म्हणाले असते तर मी पुढचा डॉक्टर गाठला असता. "काही नाही" ऐकून मी दोन वर्षं घरात बसले.

इथे कुणाचा गाल असा दुखत असेल आणि दाताच्या एक्स-रेत काही दिसत नसेल, तर दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. मला मेसेज केलात तरी चालेल. पुढच्या महिन्यात माझी फेरतपासणी आहे, कालनिर्णयची पानं पिशवीत भरून ठेवली आहेत.