दुसरी किल्ली

रविवारी सकाळी मी न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून बाहेर आले, तर घरमालक काका स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडून थेट स्वयंपाकघरात शिरले होते आणि सिंकखालचा पाइप वाकून पाहत होते. या महिन्यातली ही तिसरी खेप! ‘आमच्याच घरात यायला विचारायचं कशाला?’ हे त्यांचे उत्तर ऐकून अंगाचा तिळपापड होतो. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवून, अनामत रक्कम भरून मी इथे राहते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातसुद्धा किमान २४ तास आधी कळवून मगच घरात यावे असे म्हटले आहे. इथे मात्र साधी बेल वाजवण्याचेही सौजन्य नाही. आता दिवसाढवळ्याही मी आतून कडी घालून बसते.