रात्री मेन स्विच बंद असेल, तर बॅकअप कधी घ्यायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

पॉवर सेटिंगवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि कडक लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. नाशिकला रविवार कारंजाजवळ जुन्या इमारतीत तुमचं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. लेख वाचून तुम्ही रात्री दीडचा बॅकअप लावलात, संध्याकाळी मशीन शट डाऊन न करता स्लीपवर ठेवलंत, आणि आठवडाभर बॅकअप झालाच नाही. रात्रभर मशीन ठेवायला सांगणं म्हणजे वीज वाया घालवणं आणि जुन्या वायरिंगला धोका, असंही तुम्ही म्हणता. शेवटी लिहिता, ‘या सेटिंगच्या भानगडीपेक्षा रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर हाताने कॉपी घेतलेली बरी.’

माझा खरा वाद या शेवटच्या वाक्याशी आहे, तिकडे येतोच. पण आधी बॅकअप का झाला नाही ते बघू. त्याचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. तुम्ही लिहिलंय की मशीन यूपीएसवर आहे आणि ऑफिस बंद करताना मेन स्विच खाली पाडला जातो.

स्लीपमध्ये मशीनचं बहुतेक सगळं थांबतं, फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते. ठरल्या वेळी मदरबोर्डावरचं घड्याळ गजर देतं आणि मशीन उठतं. घड्याळ चालत राहावं म्हणून बोर्डावर नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो, त्यामुळे वेळ चुकत नाही. पण मशीन उठवायचं काम त्या सेलचं नाही. त्यासाठी एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायमधून, येणारा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा लागतो. मेन पडला की हा पुरवठा यूपीएसच्या बॅटरीवर येतो, आणि ऑफिसातल्या छोट्या यूपीएसने संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतर दीडपर्यंत तग धरावा ही अपेक्षाच चूक आहे. बॅटरी संपली की गजर होतो, पण उठायला कोणी नसतं.

समजा, बॅटरी टिकली. तरीही तुमचा बॅकअप झाला नसता अशी दाट शक्यता आहे. यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडलेली असेल तर विंडोज त्या यूपीएसला बॅटरी समजतं, लॅपटॉपच्या बॅटरीसारखीच. आणि टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, नवीन टास्क केला की ‘कंडिशन्स’मध्ये ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर’ ही खूण आधीपासूनच केलेली असते. त्यामुळे मेन बंद म्हणजे टास्क बंद. डेस्कटॉपवाले ही खूण वाचून सोडून देतात, कारण ‘आपला काही लॅपटॉप नाही’ असं वाटतं. तिच्या खालची ‘बॅटरीवर गेल्यास थांबवा’ ही खूणही अशीच. कॉपी अर्ध्यावर असताना लाईट गेली तर ती काम तिथेच तोडते. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या ऑफिसात मात्र उलटं असतं. इन्व्हर्टरची मशीनला काहीच खबर नसते, लाईट गेलेली त्याला कळतही नाही.

आता मेन स्विचचं. तुम्ही तो पाडता ते योग्यच आहे, ताई, आणि माझ्या लेखासाठी ही सवय अजिबात मोडू नका. जुन्या पेठांमधल्या वाड्यांचं वायरिंग मी पाहिलंय. लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरीवर रात्रभर भार ठेवा असं मी कोणालाच सांगणार नाही. विजेचा मुद्दा मात्र तितका मोठा नाही. स्लीपमधला डेस्कटॉप साधारण ३ वॉट घेतो. रोज १४ तास धरले तर महिन्याला सव्वा युनिट. तेच मशीन नुसतं चालू ठेवलं आणि ५० वॉट धरले, तर २१ युनिट. म्हणून मी लेखात ‘स्लीप’ म्हटलं होतं, ‘चालू’ नाही.

तर तुमच्या ऑफिसात रात्रीचा बॅकअप बसणार नाही. पण म्हणून हाताने कॉपी घेणं हा उपाय होत नाही, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण या सवयीपायी लोकांचं वर्षभराचं काम गेलेलं मी जवळून पाहिलंय. तुमच्याच कामाचं कॅलेंडर घ्या. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ विवरणपत्र, २० ला ३बी, जुलैअखेर रिटर्नची झुंबड. सगळ्यात जास्त नोंदी ज्या दिवशी पडतात, त्याच संध्याकाळी सगळे थकलेले असतात, पोर्टल हळू चालत असतं, अशील समोर बसलेलं असतं आणि पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये राहतो. निवांत दिवसांच्या कॉप्या व्यवस्थित असतात, पण त्यात नवीन काही नसतं. शिवाय एकाच पेनड्राइव्हवर रोज जुन्यावर नवीन चढवलं, तर मंगळवारी बिघडलेली फाईल बुधवारी चांगल्या कॉपीच्या जागी जाऊन बसते. तुमच्या अशिलांमध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असतील तर त्यांच्यासाठी हा नुसता सवयीचा प्रश्नही उरलेला नाही. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर पूर्वी ‘ठरावीक काळाने’ ठेवायचा होता, तो कंपन्यांच्या हिशेब नियमांतल्या ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून ‘रोज’ ठेवायचा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की बॅकअपची वेळ घड्याळाकडे बघून ठरवू नका, मशीन नक्की जागं कधी असतं ते बघून ठरवा. तुमच्याकडे ती वेळ दुपारची आहे. जेवणाच्या सुट्टीत, दीडच्या सुमाराला टास्क लावा. एक अट आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली कंपनी (म्हणजे अशिलाच्या हिशेबाचा डेटा) त्या वेळी सगळ्या मशीनवर बंद हवी. उघड्या डेटाची नुसती फोल्डर कॉपी घेतली तर ती परत उघडेलच याचा भरवसा नसतो. सॉफ्टवेअरची स्वतःची बॅकअपची सोय असेल तर आधी ती वापरा आणि तिची फाईल बाहेरच्या ड्राइव्हवर न्या.

टास्कच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्युल्ड स्टार्ट इज मिस्ड’ ही खूण जरूर करा. दुपारी नेमकी लाईट नसेल, तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर राहिलेलं काम विंडोज आपणहून उचलतं. लगेच नाही, साधारण १० मिनिटांनी, म्हणून ‘झालं नाही’ म्हणून घाईने बंद करू नका. तुमच्या जागी मी एवढी एकच सेटिंग लावली असती आणि बाकीच्यांना हात लावला नसता.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये किंवा कॉलेज रोडच्या नव्या इमारतींत, जिथे रात्री मेन चालूच असतो, तिथे लेखातली स्लीपची पद्धत आहे तशीच लागू आहे. तिथल्यांनी पॉवर ऑप्शन्समध्ये ‘अलाऊ वेक टायमर्स’ तपासावं. तिथे ‘इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली’ असेल तर मशीन विंडोजच्या स्वतःच्या मोठ्या कामांसाठी उठेल, तुमच्या बॅकअपसाठी नाही. आणि एक छुपी गोष्ट. गजराने उठलेल्या मशीनसमोर माणूस नाही असं दिसलं, की विंडोज ते २ मिनिटांत परत झोपवू शकतं. चांगलं बॅकअप सॉफ्टवेअर ‘काम चालू आहे, जागं राहा’ असं विंडोजला कळवतं. घरी लिहिलेली बॅच फाईल, म्हणजे कमांडची यादी, ते कळवेलच असं नाही. पहिल्या दोन मिनिटांतल्या फाईली आल्या आणि पुढच्या नाहीत, असं दिसलं तर संशय इथेच घ्या. गजर लागलाय की नाही हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’च्या ‘वेकटायमर्स’ पर्यायाने दिसतं, आणि मशीन शेवटी कशाने उठलं ते ‘लास्टवेक’ने.

पद्धत कोणतीही असो, झालं की नाही हे बघायची जागा ठरलेली हवी. टास्क शेड्युलरमध्ये ‘लास्ट रन रिझल्ट’चा रकाना असतो. तिथे शून्य म्हणजे सहसा ठीक. पण कॉपीसाठी रोबोकॉपी ही विंडोजची कमांड वापरत असाल तर १ बघून घाबरू नका. त्याच्या भाषेत १ म्हणजे नव्या फाईली नीट कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर काहीतरी बिनसलंय. शेजारचा ‘हिस्टरी’ बऱ्याचदा बंद असतो, तो एकदा चालू करून ठेवा, म्हणजे आठवडाभर काय झालं ते अंदाजाने सांगावं लागणार नाही. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी कंपनी दुसऱ्या मशीनवर परत उघडून बघा. कॉपी झालेली फाईल आणि उघडणारी फाईल यांत फरक असतो.

ड्राइव्ह मात्र दोन घ्या. एक ऑफिसात, एक तुमच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल. कायम जोडलेला ड्राइव्ह रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, हाती आयता लागतो, मेच्या वळवात कडाडलेली वीजही मशीन आणि ड्राइव्ह दोन्ही एकदम घेऊन जाऊ शकते. आणि आपण गोदाकाठची माणसं. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा पुराचं पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. ज्यावरून आपण पुराची पातळी ओळखतो त्या दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलं ते विचारत बसायची वेळ आली, तेव्हा निदान अशिलांच्या हिशेबाची काळजी तुम्हाला नको. क्लाऊडचं तुम्ही विचारलंत, तर तो या दोन ड्राइव्हना जोड म्हणून चांगला, त्यांच्याऐवजी नको.

तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्या तर पुढचं नेमकं सांगता येईल. यूपीएसच्या मागून यूएसबी वायर मशीनला गेलीय का, आणि हिशेबाचा डेटा एकाच मशीनवर आहे की तिघं-चौघं तो नेटवर्कवरून उघडतात? नेटवर्कवर असेल तर टास्कमध्ये ‘झेड ड्राइव्ह’ असं अक्षर न देता सर्व्हर मशीनच्या नावासकट पूर्ण मार्ग द्यावा लागेल. कोणी लॉग-इन नसताना ते अक्षर टास्कला दिसत नाही. तुमचं उत्तर आलं की दुपारच्या टास्कची पूर्ण मांडणी इथेच खाली लिहितो.