‘कलकत्त्याला जाऊन नुसतं खाल्लं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया एवढी मोठी आणि एवढी मनापासून लिहिलेली आहे की तिला खाली दोन ओळीत उरकणं बरं वाटलं नाही, म्हणून हे वेगळं लिहून राहिले. बाकीच्यांनी ती वाचली नसेल तर थोडक्यात सांगते. भाऊंचं म्हणणं असं की बाई पन्नासाव्या वाढदिवसाला नवरा-पोरं सोडून कलकत्त्याला गेल्या, तिथे जाऊनही व्हिक्टोरिया मेमोरियल आतून पाहिलं नाही, दक्षिणेश्वर नाही, बेलूर मठ नाही, मैत्रिणीच्या घरी बसून खाल्लं आणि त्याचं वर्णन लिहिलं, ना हॉटेल ना बजेट, वाचकाला काय मिळालं? आणि सगळ्यात जास्त राग याचा की मैत्रिणीच्या सासूबाईंनी ‘नागपूरची म्हणजे बर्गी’ (बर्गी म्हणजे बंगालवर चालून गेलेले मराठे स्वार) असं म्हटलं तर मी हसले. मराठ्यांना लुटारू म्हणतात आणि तुम्ही नागपूरच्या असून हसता, असं तुम्ही लिहिलंय, तीन उद्गारचिन्हं देऊन.

नवरा-पोरांचं आधी संपवते. पोरं वीस-बावीस वर्षांची आहेत, त्यांना कुकर लावता येतो. नवऱ्यालाही येतो. झालं.

आता फिरण्याचं. मी कलकत्ता बघायला गेले नव्हते हो, मी मैत्रिणीकडे गेले होते आणि ती कलकत्त्यात राहते. हॉस्टेलला आम्ही एका खोलीत होतो, तिनं बंगाल्याशी लग्न केलं आणि बागबाजारच्या एका जुन्या घरात जाऊन पडली. दुसरी मैत्रीण तिकडेच सॉल्ट लेकला असते, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे. इतकी वर्षं ‘ये ना, ये ना’ चाललं होतं, शेवटी पन्नाशीचं निमित्त मिळालं. गीतांजलीला नागपूरहून संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, त्यात काही मोठं धाडस नाही.

पण तुम्ही म्हणता तसं यादी घेऊन गेले असते तर स्टेशनवरून टॅक्सी करून हॉटेलवर गेले असते. मैत्रीण घ्यायला आली होती, ती म्हणाली टॅक्सी कशाला, लाँचनी जाऊ. हावडा स्टेशनच्या समोरच घाट आहे, तिथून बागबाजारची फेरी मिळते, तिकीट अगदी किरकोळ. बॅग पायाशी ठेवून उभं राहायचं, डोक्यावरून हावडा ब्रिज जातो. 1943 साली वाहतुकीला खुला झालेला, नट-बोल्ट न वापरता नुसत्या रिव्हेट मारून जोडलेला, नदीच्या पात्रात एकही खांब नसलेला पूल, आणि तो बघायची खरी जागा त्याच्या खालीच आहे हे मला त्या लाँचवर कळलं. बाजूला ऑफिसातून लवकर सुटलेले लोक, एकजण पेपर वाचून राहिला होता, त्यानं मान वर करून पुलाकडे पाहिलंही नाही. नदीखालून जाणारी मेट्रोपण केली नंतर, 2024 पासून सुरू झालीये, पाऊण मिनिटात हुगळी संपते, निळे लाईट दिसतात, पोरं व्हिडिओ काढतात, मजा आहे. पण मला विचाराल तर लाँच.

आणि धार्मिक ठिकाणं नाही केली म्हणता, तर बागबाजारातच सारदामातेचं, म्हणजे रामकृष्ण परमहंसांच्या पत्नीचं घर आहे, ‘मायेर बाडी’ म्हणतात. 1909 पासून त्या तिथे राहायच्या आणि 1920 मधे तिथेच गेल्या. भगिनी निवेदितांचं घरही त्याच भागात, 1898 साली मुलींची शाळा त्यांनी तिथेच सुरू केली. मैत्रिणीच्या घरून भाजी आणायला जाताना ही दोन्ही ठिकाणं लागतात. मी ते मागच्या लेखात एका ओळीत लिहिलं होतं, तुमच्या नजरेतून सुटलं असेल.

आता ‘नुसतं खाल्लं’ हे. खाल्लं, नाकारत नाही. जानेवारी होता, नोलेन गुडाचे दिवस, म्हणजे खजुराच्या रसाचा ताजा गूळ. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी उठले तर मैत्रिणीच्या सासूबाई (त्यांना सगळे माशीमा म्हणतात, मी पण तेच म्हणायला लागले) स्वैपाकघरात पायेश, म्हणजे तांदळाची खीर, करून राहिल्या होत्या. तिकडे वाढदिवसाला केक असो नसो, पायेश पाहिजेच. गोविंदभोग तांदूळ, लहान दाण्याचा, वास आपल्या आंबेमोहोरासारखा नाही पण त्याच घराण्यातला, दुधात मंद आचेवर कितीतरी वेळ शिजवलेला. मी मदत करायला म्हणून गुळाची वाटी उचलली तर त्यांनी माझा हात धरला. आधी पातेलं खाली उतरवायचं, वाफ थोडी बसू द्यायची, मग गूळ. उकळत्या दुधात घातला की दूध फाटतं. तोवर दोघी नुसत्या पातेल्याकडे बघत उभ्या. मला बंगाली येत नाही, त्यांना हिंदी थोडं थोडं येतं, तरी गप्पा झाल्या.

मग मला पूर्वेकडे तोंड करून आसनावर बसवलं. समोर समई नव्हे, पितळेचा लहान दिवा, एका वाटीत भाताची साळ आणि दुर्वा. साळ आणि दुर्वा डोक्यावर ठेवून आशीर्वाद देतात, मैत्रिणीनं शंख फुंकला, आणि मग माशीमांनी पहिला चमचा पायेश भरवला. आपल्या औक्षणात सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, तिकडे साळ-दुर्वा, बाकी फरक फारसा नाही. एक फरक मात्र मला दिसला आणि तो मी मागच्या लेखात लिहिला नव्हता. माशीमांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालीत. आमच्याकडे, माझ्या लहानपणी तरी, अशा बाईला औक्षणाच्या वेळी मागे उभं राहायला सांगायचे, माझी आत्या दारातच उभी राहायची. इथे घरातली सगळ्यात मोठी म्हणून त्यांनीच पहिला आशीर्वाद दिला आणि त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. सगळ्या बंगालमधे असंच करतात असं मी म्हणत नाही, त्या घरात असं होतं. हॉटेलात राहून हे दिसलं असतं का सांगा.

त्याच जेवणावर ‘बर्गी’ निघालं. लुची (मैद्याची पुरी), छोलार डाळ, वांग्याचे काप, माशाचं डोकं (ते मी मैत्रिणीच्या नवऱ्याकडे सरकवलं, शाकाहारी नाही मी पण ते माझ्याकडे बघून राहिलं होतं). माशीमांनी विचारलं नागपूर म्हणजे मुंबईजवळ का, तर मैत्रीण म्हणाली नाही मा, नागपूर म्हणजे भोसले, रघूजी भोसले. तशा त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, म्हणजे बर्गी! आणि आणखी एक लुची वाढली. मी काय करायला पाहिजे होतं भाऊ, ताटावरून उठायचं होतं?

बंगालमधे पोरांना झोपवताना म्हणायची एक जुनी अंगाई आहे, ती तिथे सगळ्यांना पाठ असते. बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशानं भरू, असा तिचा अर्थ. म्हणजे ही काही कोणी परवा सोशल मीडियावर केलेली बदनामी नाही, पावणेतीनशे वर्षं आज्या नातवंडांना हे ऐकवून राहिल्यात. आणि ते का, तर 1742 पासून जवळपास दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, चौथाईसाठी. सुरुवातीला म्होरके भास्करपंत कोल्हटकर. गावं जाळली, लोक घरदार टाकून पळाले, हे गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ म्हणून लिहून ठेवलंय. त्यात गंमत अशी की आधी देवच पाप वाढलं म्हणून मराठ्यांना बंगालवर पाठवतात, आणि मग मराठ्यांनी ब्राह्मण आणि बायकांवरही हात टाकला म्हणून देवी त्यांच्यावर उलटते. म्हणजे नावातच महाराष्ट्र असलेलं पुराण आणि आपल्यापैकी कितीजणांनी त्याचं नाव ऐकलंय? शेवटी 1751 मधे तह झाला, ओरिसाचा वसूल आणि वर्षाला बारा लाख चौथ कबूल झाली तेव्हा हे थांबलं. आपण अटकेपार म्हणताना छाती फुगवतो तर हेही आपलंच आहे की.

आणि तुम्ही ‘मराठ्यांचा अपमान’ म्हणता तर कोणत्या मराठ्यांचा ते सांगा. 1743 मधे खुद्द नानासाहेब पेशवे बंगालमधे गेले ते नवाब अलिवर्दीखानाच्या बाजूनं, आपल्याच रघूजी भोसल्यांना तिथून हुसकून लावायला. यात कोणाचा अभिमान धरायचा आणि कोणाचा राग, पुण्याचा की नागपूरचा? नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या माणसाला विचारा, तो नागपूरच म्हणेल.

पण मी नुसती हसून गप्प बसले नाही, हे मात्र तुम्ही गृहीत धरलंत. मी पण माशीमांना सांगितलं की भास्करपंतांनी त्या मोहिमेतच कटव्याजवळ दाईंहाटला दुर्गापूजा मांडली होती आणि ती पुरी व्हायच्या आत अलिवर्दीनं पहाटे हल्ला केला. आणि 31 मार्च 1744 ला मनकरा या गावी बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावून भास्करपंतांना त्यांच्या सरदारांसकट कापून काढलं. माशीमा ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘एटा तो जानताम ना.’ हे माहीत नव्हतं. मग त्यांनी मुलाला विचारलं, खरं आहे का रे, तो हो म्हणाला. अंगाई त्यांच्याकडे होती, तंबू आमच्याकडे होता.

दुपारी जेवून झोपणार होतो (हो, झोपणार होतो) पण माशीमाच म्हणाल्या चल तुला तुझा खड्डा दाखवते. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. बर्गी येतील या भीतीनं 1742 मधे कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता, सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाला आणि राहिला, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. मग 1756 मधे बंगालचा नवाब सिराजउद्दौला खरोखर आला तेव्हा त्या अर्धवट खंदकाचा काही उपयोग झाला नाही, इंग्रजांचं कलकत्ता पडलं. 1799 मधे तो बुजवून सर्क्युलर रोड केला. म्हणजे आज ज्या रस्त्यावर बसेस आणि रिक्षा कोंबून उभ्या असतात तो आपल्या भीतीनं खणलेला खड्डा. गल्लीत बघण्यासारखं काही नाही, स्कूटर, वाळत घातलेले कपडे, एक पाटी. त्या पाटीखाली माशीमांनी माझा फोटो काढला, डोकं कापलंय फोटोत, पण पाटी पूर्ण आलीये.

आणि बंगाली लोक महाराष्ट्राला शिव्याच देतात असं समजू नका. सखाराम गणेश देऊस्कर मराठी घरातले, आताच्या झारखंडमधल्या देवघर गावी वाढले, बंगालीत लिहायचे, त्यांचं ‘देशेर कथा’ 1904 मधे आलं आणि पुढे 1910 मधे इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. त्यांच्याच पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 1904 मधे ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. त्याच लोकांना बर्गीही आठवतो आणि शिवाजी महाराजही. महाराज 1680 मधे गेले आणि बंगालच्या स्वाऱ्या त्याच्या साठ-बासष्ट वर्षांनंतरच्या, ते दोन्ही वेगवेगळं ठेवणं त्यांना जमतं. आपल्यालाच का जमू नये ते मला कळत नाही.

कुमारटुलीबद्दल, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीबद्दल, तुम्ही काहीच बोलला नाहीत, तो भाग वाचला की नाही? बागबाजारहून चालत जाता येतं. सरस्वतीपूजा जवळ आली होती म्हणून गल्लीत दोन्ही बाजूंनी सरस्वत्याच सरस्वत्या, पण बिनरंगाच्या, आणि कितीकींना डोकंच नाही, कारण डोकी साच्यातून वेगळी काढतात आणि नंतर बसवतात. आत पेंढ्याचं अंग, सुतळीनं करकचून आवळलेलं, त्यावर आधी चिकट एंटेल माती मग वरून वाळूसर बेले माती. एक पोरगा, असेल अठराएक वर्षांचा, नुसती बोटं करून राहिला होता. मातीची वळी, तीन ठिकाणी चिमटा, नखानं नख काढायचं, पाटावर ठेवायचं, पुढचं. पाटभर बोटं. फोनवर क्रिकेट लावलेलं आणि हात आपले चालूच. मी किती वेळ उभी होते कोण जाणे, सॉल्ट लेकवाली मैत्रीण कंटाळून चहा घेऊन आली तेव्हा कळलं. व्हिक्टोरिया त्या दिवशी करायचं ठरलं होतं, ते असं राहिलं.

आता तुम्हाला हवी ती माहिती. गीतांजलीचं तिकीट हिवाळ्यात आधीच काढून ठेवा. हॉटेलचं मला सांगता येणार नाही, मी राहिलेच नाही, पण हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, तिथे फोन करून विचारा. व्हिक्टोरिया 1921 मधे खुलं झालं, संगमरवर मकराण्याचा, ताजमहालाचा तोच, आणि आतलं म्युझियम सोमवारी बंद असतं, बाग उघडी असते. कॉलेज स्ट्रीटला गेलात तर कॉफी हाऊसमधे ‘इनफ्यूजन’ मागा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, आणि वेटरची घाई करू नका, तो त्याच्या वेळेनंच येतो. पलीकडेच पॅरामाउंटमधे डाबचं (शहाळ्याचं) सरबत, 1918 पासूनचं दुकान. बिर्याणीत बटाटा निघाला तर परत पाठवू नका, तिकडे असतोच. आणि बजेट विचारलंत तर राहणं-खाणं फुकट होतं, नागपूरहून नेलेल्या संत्रा बर्फीचे डबे सोडले तर. माशीमांना ती आवडली नाही, फार गोड आहे म्हणाल्या, हे बंगाली बाईनं म्हणावं.